ससा घोरतो तेव्हा : पाळीव सशाचे आवाज आणि त्यांचे अर्थ

रात्री घरातली सगळी निजानीज झाली, पंख्याचा आवाज तेवढा चालू आहे आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून बारीक ‘घुर्र... घुर्र...’ ऐकू येतं. आधी वाटतं उंदीर असेल. दिवा लावून पाहिलं तर ससा पाय पसरून गाढ झोपलाय आणि चक्क घोरतोय. ससा पहिल्यांदाच पाळणाऱ्या घरात हा प्रसंग हमखास येतो. ‘ससा घोरतो’ हे कुणाला सांगितलं तर सशाला शिंगं फुटली म्हटल्यासारखं लोक बघतात. ससा म्हणजे मुका, भित्रा, कोपऱ्यात बसून पाला खाणारा जीव, असाच सगळ्यांचा समज असतो.

प्रत्यक्षात ससा घोरतो, शिंकतो, गुरगुरतो, दात खातो, पाय आपटतो आणि जिवावर बेतलं तर अंगावर काटा येईल अशी किंकाळीही फोडतो. यातले काही आवाज आनंदाचे असतात, काही रागाचे आणि काही आजाराचे. कुठला आवाज कशाचा हे ओळखता आलं, तर वेळेवर दवाखाना गाठता येतो. ते आलं नाही, तर ‘कालपर्यंत चांगला खेळत होता, सकाळी गेला’ असं म्हणायची वेळ येते.

पाळीव ससा आणि रानातला ससा

मराठीत दोघांनाही ‘ससा’च म्हणतात, पण हे दोन वेगळे प्राणी आहेत. घरात पाळतात तो मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा बिळात राहणारा प्राणी. पांढरा, लाल डोळ्यांचा न्यूझीलंड व्हाइट असो की लोंबत्या कानांचा हॉलंड लॉप, सगळे त्याच एका जातीचे वंशज. आपल्याकडे ज्वारीच्या, उसाच्या शेतातून उड्या मारत पळतो तो रानससा निराळा. तो बीळ करत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं मात्र जन्मताना उघडी, केस नसलेली आणि डोळे मिटलेली असतात.

रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. तो पकडणं, मारणं किंवा घरी आणून पाळणं हा गुन्हा आहे. सुगीत शेतात रानसशाची पिल्लं सापडली तर ती आईने टाकलेली असतीलच असं नाही. रानससा मादी दिवसाचा बराचसा वेळ पिल्लांपासून लांब राहते आणि दूध पाजायलाच येते. त्यामुळे पिल्लांना हात न लावता तिथेच राहू द्यावं. या लेखात पुढे जे सांगितलं आहे ते पाळीव सशाबद्दल आहे.

श्वासाला नाक हाच एक रस्ता

सशाचं घोरणं समजून घ्यायचं तर आधी त्याचं नाक समजून घ्यायला हवं. माणसाचं नाक चोंदलं तर तो तोंडाने श्वास घेतो आणि रात्र काढतो. सशाला ते सहजासहजी जमत नाही. त्याच्या घशातलं श्वासनलिकेवरचं झाकण मऊ टाळूच्या वरच्या बाजूला बसलेलं असतं. त्यामुळे हवा नाकातून थेट श्वासनलिकेत जाते आणि तोंडाचा रस्ता खाण्यासाठी मोकळा राहतो. रानात शत्रूचा वास घेता घेता चरायचं असेल तर ही रचना फार सोयीची. अडचण येते ती नाक बंद पडल्यावर, कारण श्वासाला दुसरी वाट उरत नाही.

म्हणून तोंड उघडून श्वास घेणारा ससा दिसला, की तो अगदी शेवटच्या टोकाला आलाय असं समजावं. तिथे घरगुती उपाय, वाट बघणं असलं काही चालत नाही.

सशाचं नाक सतत हलत असतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जागा आणि सावध असेल तर ते मिनिटाला शंभरावरही वेळा हलतं. शांत झाला की वेग मंदावतो आणि गाढ झोपेत नाक जवळजवळ थांबतं. बरेचदा ससा डोळे उघडे ठेवूनच झोपतो, त्यामुळे तो झोपलाय की जागा आहे हे डोळ्यांवरून कळत नाही. नाक थांबलं असेल तर तो झोपलाय, ही त्याची खूण.

झोपेतलं घोरणं : कधी साधं असतं?

ससा मुख्यतः पहाटे आणि संध्याकाळी जागा असतो. भर दुपारी आणि मध्यरात्री तो झोप काढतो. घरात निर्धास्त झालेला ससा कुशीवर धाडकन आडवा होतो, मागचे पाय लांब पसरतो आणि गाढ झोपतो. अशा वेळी घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवा जाताना टाळूचा मऊ भाग थरथरतो. तोच आवाज घोरण्यासारखा ऐकू येतो. माणसाच्या घोरण्यातही हेच घडतं. झोपेत मिशा, कान, पाय हलणं, ओठ चाळवणं हेही नेहमीचंच आहे.

काही सशांमध्ये हे घोरणं जास्त आढळतं :

- चपट्या, गोल तोंडाच्या जाती. नेदरलँड ड्वार्फ, हॉलंड लॉप, लायनहेड यांचा चेहरा माणसाने निवड करकरून आखूड केला आहे. नाकाची पोकळी लहान झाली, त्यामुळे हवेला जागा कमी पडते. चपट्या तोंडाचा पग कुत्रा घोरतो त्याचंही कारण हेच.
- लठ्ठ ससे. दिवसभर पिंजऱ्यात बसून बिस्किटं, पोळी, गाजर खाणाऱ्या सशाच्या गळ्याभोवती चरबी साठते. माद्यांच्या गळ्याखाली गाईबैलाच्या पोळीसारखी लोंबती घडी असते, ती लठ्ठपणात आणखी वाढते आणि मान वाकवून झोपल्यावर श्वासाच्या वाटेवर दाब येतो.
- म्हातारे ससे. चांगली निगा राखली तर पाळीव ससा ८ ते १२ वर्षं जगतो. उतारवयात स्नायू ढिले पडतात.

घोरणं साधं आहे की नाही हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे : जाग आली की आवाज थांबतो का? ससा उठला, आळस दिला, आवाज बंद झाला, नाक कोरडं आहे, खाणं-हगणं नेहमीसारखं आहे, तर काळजीचं कारण नाही. लठ्ठ असेल तर खाणं मात्र सुधारायला हवं. घोरणं नव्याने सुरू झालं असेल किंवा आठवड्यागणिक वाढत असेल, तर ससा एकदा डॉक्टरांना दाखवलेला बरा.

जागेपणी घुरघुर : इथे सावध व्हायचं

ससा जागा आहे, बसलाय किंवा खातोय आणि तरी श्वासाबरोबर घुरघुर, शिट्टी किंवा बुडबुड असा आवाज येतोय, तर ते घोरणं नव्हे. हवेच्या वाटेत काहीतरी अडलंय. त्याची नेहमीची कारणं अशी :

जिवाणूंचा संसर्ग. ससे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात याला ‘स्नफल्स’ म्हणतात. पाश्चुरेला मल्टोसिडा आणि बॉर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हे जिवाणू यात बहुतेक वेळा सापडतात. बऱ्याच सशांच्या नाकात ते एरवीही गुपचूप असतात. प्रवास, गर्दी, गारठा, उकाडा, नवीन घर अशा ताणाने प्रतिकारशक्ती उतरली की डोकं वर काढतात. शिंका, नाकातून आधी पाण्यासारखा आणि मग पांढरा-पिवळा घट्ट शेंबूड, डोळ्यांतून पाणी अशी लक्षणं दिसतात. ससा पुढच्या पायांनी तोंड पुसतो, म्हणून नाक स्वच्छ दिसलं तरी पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस तपासावेत. ते चिकट, गुठळ्या झालेले असतील तर नाक वाहतंय हे नक्की. हा संसर्ग पुढे कानात, फुप्फुसात उतरू शकतो. मान एका बाजूला वळणं, तोल जाणं ही कानापर्यंत गेल्याची चिन्हं.

दातांचा त्रास. नाक आणि दात यांचा काय संबंध, असं वाटेल. सशाला २८ दात असतात आणि ते जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. गवत चावून चावून ते झिजले नाहीत तर वर वाढतात, तसेच मुळाकडूनही मागे सरकतात. वरच्या दातांची मुळं नाकाच्या पोकळीला आणि अश्रुनलिकेला लागूनच असतात. त्यामुळे मुळं वाढली की डोळा सतत पाणावतो, नाक चोंदतं, कधी मुळाशी गळू होतं. बाहेरून फक्त ‘घुरघुर’ आणि ‘डोळ्याला पाणी’ दिसतं, दुखणं मात्र दाढेत असतं.

धूळ, धूर आणि मुताचा उग्र वास. पिंजऱ्यातला ओला कागद दोन-दोन दिवस बदलला नाही, तर मुतातून अमोनिया सुटतो. तो नाकाच्या अस्तराला जाळतो आणि जिवाणूंना रान मोकळं होतं. लाकडाचा बारीक भुसा, धुळकट गवत, डासांची कॉइल, उदबत्ती-धूप, फोडणीचा ठसका हे सगळं सशाच्या नाकाला बाधतं. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ असेल तर तो आधी हलवावा.

अडकलेली काडी. खाता खाता गवताचं कुसळ नाकात जातं. अचानक, एकामागून एक शिंका आणि एकाच नाकपुडीतून पाणी, असं दिसलं तर याची शंका घ्यावी. चिमट्याने काढायचा प्रयत्न घरी करू नये.

उष्माघात आणि छातीचे आजार. धापा टाकणं, नाकपुड्या फुगवून श्वास घेणं, कुशी जोरात वर-खाली होणं. न्यूमोनिया, हृदयविकार किंवा उकाडा यापैकी काहीही असू शकतं, आणि यातलं कुठलंच घरी बसून निस्तरण्यासारखं नसतं.

बाकीचे आवाज : सशाची बोली

दातांची हलकी कुरकुर. डोक्यावरून, गालावरून हात फिरवताना सशाचे दात एकमेकांवर अगदी हलके घासतात. हाताला बारीक थरथर जाणवते, मिशा हलतात, डोळे अर्धवट मिटतात. मांजर घुरघुरतं तसा हा सुखाचा आवाज. मांजराचा घशातून येतो, सशाचा दातांतून.

करकर दात खाणं. आवाज मोठा, थांबून थांबून येणारा, लांबूनही ऐकू येईल असा. ससा अंग चोरून, पाठ गोल करून कोपऱ्यात बसलेला आणि डोळे ओढलेले. हे दुखण्याचं लक्षण आहे. पोट किंवा दात, दोन्हींपैकी काहीही असू शकतं. हलकी कुरकुर आणि ही करकर यांत गल्लत झाल्याने ‘खुशीत आहे’ असं समजून आजारी ससा तसाच राहतो. फरक आवाजापेक्षा बसण्यात आहे. खुशीतला ससा अंग सैल सोडतो, दुखणाईत ससा अंग आवळतो.

‘हुंक-हुंक’. नाकातून काढलेला, छोट्या हुंकारांसारखा आवाज. ससा पायांभोवती गोल गोल फिरतो आणि हा आवाज काढतो. वयात आलेल्या नराचं हे माद्यांभोवतीचं वागणं आहे. मादी नसेल तर माणसाच्या पायांवर, चपलांवर भागवतो. खाऊची पुडी वाजली की काही ससे नुसत्या आनंदानेही असं करतात. नसबंदी केल्यावर हे बरंच कमी होतं, शिवाय घरभर मूत उडवणंही आटोक्यात येतं.

गुरगुर आणि फुस्स. पिंजऱ्यात हात घातला, खाण्याचं भांडं उचललं, की ससा ‘घुर्र’ करून पुढचे पाय मारतो. ‘ही जागा माझी’ एवढाच त्याचा अर्थ. पाळलेली मादी अचानक गुरगुरायला लागली, गवत तोंडात धरून फिरू लागली, स्वतःच्या छातीचे केस उपटू लागली, तर ती गाभण असू शकते किंवा खोटं गाभणपण आलेलं असू शकतं. सशाचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा.

कुकुक. खुडूक कोंबडी करते तसा अगदी दबका आवाज. आवडीची कोथिंबीर किंवा पुदिना खाताना काही ससे काढतात. सगळेच काढत नाहीत.

कण्हणं. उचलून घेताना बारीक ‘ऊं-ऊं’. सशाला उचललेलं सहसा आवडत नाही, कारण रानात त्याला उचलतो तो शिकारीच. कान धरून तर सशाला कधीच उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली देऊन अंगाशी धरावं. मागचे पाय अधांतरी राहिले तर तो इतक्या जोरात लाथ मारतो की त्याचाच मणका मोडू शकतो.

पाय आपटणं. मध्यरात्री ‘धप्प!’ असा आवाज येतो आणि घर जागं होतं. मागचे पाय जमिनीवर आपटून ससा धोक्याची सूचना देतो. बिळातल्या सशांना जमिनीतून ती कळावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. मांजर खिडकीत आलं, कुत्री भुंकली, गणपती-दिवाळीत फटाके वाजले की पाय आपटणं सुरू होतं. रागावू नये. दिवा लावून, हळू आवाजात बोलून, पिंजऱ्याचा एक भाग चादरीने झाकून त्याला लपायला जागा द्यावी.

उचकी. सगळं अंग तालात हलतं, आवाज नसतो किंवा फार बारीक असतो. पिल्लांमध्ये जास्त दिसते, थोड्या वेळात थांबते. घाबरायचं कारण नाही.

किंकाळी. लहान मुलाच्या रडण्यासारखी, एकदा ऐकली की विसरता येत नाही अशी. ससा मरणाच्या भीतीत किंवा असह्य वेदनेतच ओरडतो. ऐकू आली तर हातातलं काम टाकून धावावं.

पोटाचा आवाज आणि धोक्याची शांतता

सशाच्या पोटाला कान लावला तर मधूनमधून हलकी गुडगुड ऐकू येते. ती चांगली. आतडं चालू आहे असा तिचा अर्थ. बादलीत पाणी डुचमळावं तसा मोठा गुडगुडाट आणि फुगलेलं पोट म्हणजे गॅस झालाय. काहीच ऐकू येत नसेल आणि ससा खातही नसेल, तर आतडं थांबलंय. ही सगळ्यांत वाईट अवस्था.

सशाला उलटी करता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. त्यासाठी तंतुमय चारा सतत खात राहणं भाग असतं. म्हणून ‘एक दिवस उपाशी ठेवू, पोट हलकं होईल’ हा माणसाचा तोडगा सशाला लावू नये. १२ तास सशाने काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची बाब आहे. नाक चोंदलेल्या सशाला वास येत नाही, वास येत नाही म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं थांबतं. सर्दीसारख्या दिसणाऱ्या साध्या त्रासातून ससा दगावतो तो बरेचदा या साखळीमुळे.

घरच्या घरी काय पाहावं?

दवाखान्यात नेण्याआधी पाच मिनिटांत एवढं पाहून, टिपून ठेवावं :

१. श्वास मोजणं. ससा थंड जागी शांत बसलेला असताना कुशीकडे पाहावं. एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी. मिनिटाला ३० ते ६० हे नेहमीचं प्रमाण.

२. दोन्ही नाकपुड्या. कापसाचा एक बारीक तंतू किंवा छोटा आरसा एकेका नाकपुडीसमोर धरावा. तंतू हलला, आरशावर वाफ धरली तर हवा जातेय. एकच बाजू चालू असेल तर तसं डॉक्टरांना सांगावं.

३. पुढचे पाय, डोळे, हनुवटी. चिकट केस, पाणावलेला डोळा, लाळेने ओली हनुवटी. ओली हनुवटी बहुतेक दातांकडे बोट दाखवते.

४. लेंड्या. किती, केवढ्या, कशा. लहान, कोरड्या, कमी होत चाललेल्या लेंड्या म्हणजे पोट मंदावतंय.

५. वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा. केसाळ सशाचं रोडावणं नजरेला कळत नाही, काट्याला कळतं.

६. व्हिडिओ. दवाखान्यात गेल्यावर ससा भीतीने गप्प बसतो आणि आवाज ऐकवता येत नाही. म्हणून घरी आवाज येत असतानाच मोबाइलवर अर्धा मिनिट चित्रित करून ठेवावं. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

हे मात्र करू नये

घरातल्या औषधांच्या डब्यातलं काहीही सशाला देऊ नये. यात सगळ्यांत घातक म्हणजे अँटिबायोटिक. पोटातून दिलेलं अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं, विषारी जिवाणू वाढतात आणि काही दिवसांत जुलाब होऊन ससा दगावू शकतो. मुलाला सर्दीत लागू पडलेलं तेच गोड सिरप सशाला विष ठरतं. सशाला चालणारी वेगळी अँटिबायोटिक्स आहेत. कुठलं, किती आणि कसं द्यायचं हे पशुवैद्यानेच ठरवायचं.

नाकाला बाम चोळणं, कापूर हुंगवणं, गरम वाफ देणं, मध-हळद चाटवणं हेही टाळावं. कुत्र्यांच्या पिसवांवरचं फिप्रोनिलचं औषध सशाच्या मानेवर टाकू नये, सशासाठी ते धोकादायक आहे. गिनीपिग आणि ससा एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. सशाच्या नाकात गुपचूप असलेला बॉर्डेटेला गिनीपिगला गंभीर न्यूमोनिया देऊ शकतो.

गावागावाची हवा

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. १५ ते २० अंश सेल्सियस तापमान त्याला मानवतं. पारा ३० च्या पुढे गेला की त्रास सुरू होतो. बेळगाव, खानापूर पट्ट्यात उन्हाळा त्यामानाने सौम्य, पण ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तर इंदूर, वडोदरा, हैदराबादेत चाळिशी ओलांडणं नेहमीचं. तिथे गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवलेला ससा दुपारपर्यंतही टिकणार नाही. घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत, शहाबादी फरशीवर त्याला मोकळं सोडावं, बर्फ झालेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, कानांना ओला हात लावावा. धापा टाकणाऱ्या सशाला बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. त्या धक्क्यानेही तो जातो. कानांना साध्या गार पाण्याचा हात लावत थेट दवाखाना गाठावा.

गोव्यात आणि घाटमाथ्यावर प्रश्न ओलीचा. पावसाळ्यात गवताला बुरशी येते आणि तिची धूळ नाकात जाते. गवत कोरड्या पोत्यात, जमिनीपासून उंच ठेवावं. कुबट वास आला तर टाकून द्यावं.

खाण्यात मुख्य वाटा वाळलेल्या गवताचाच हवा. रोज सशाच्या आकाराएवढा ढीग तरी लागतो. स्वच्छ जागेची हरळी वाळवून देता येते, दुकानात टिमोथी गवताची पाकिटंही मिळतात. लसूणघासात कॅल्शियम जास्त, म्हणून तो वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको. गवताने दात झिजतात, पोट चालतं, वजन आटोक्यात राहतं. म्हणजे घुरघुरण्याची निम्मीअधिक कारणं तिथेच मिटतात.

डॉक्टर कुठला शोधायचा?

गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सगळीकडे आहेत, सशावर हात बसलेले कमी. म्हणून ससा आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवावं : ‘तुमच्याकडे ससे येतात का? दात तासता का? सशाला भूल देता का?’ गावात सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे चौकशी करावी. इंदूरकरांना महू, वडोदऱ्याच्या लोकांना आणंद, हैदराबादकरांना राजेंद्रनगर, कोल्हापूरकडच्यांना सातारा जिल्ह्यातलं शिरवळ जवळ आहे. फोनवर बोलताना तिथला शब्द माहीत असला की सोपं जातं : कन्नडमध्ये मोल, हिंदीत खरगोश, गुजरातीत ससलुं, तेलुगूत कुंदेलु.

नेताना पेटी अंधारी, हवेशीर ठेवावी, तळाला सतरंजीचा तुकडा आणि सोबत गवत द्यावं. दोन ससे जोडीने राहत असतील तर दोघांनाही न्यावं, एकटा पडला की ताण वाढतो.

लगेच निघायचं असे प्रसंग : तोंड उघडून श्वास, ओठ-हिरड्या निळसर, मान वर ताणून घेतलेला श्वास, १२ तास खाणं किंवा लेंड्या बंद, करकर दात खाणं आणि अंग गार पडणं. यात सकाळची वाट पाहू नये.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवायचं : जागेपणी घुरघुर, पांढरा शेंबूड, चिकट पुढचे पाय, एक डोळा सतत पाणावणं, मान कलणं.

नुसतं लक्ष ठेवायचं : झोपेतलं घोरणं जे जाग येताच थांबतं, एखाददुसरी शिंक, उचकी.

ससा आजार लपवतो. रानात आजारी दिसणारा जीव आधी उचलला जातो, म्हणून दुखणं न दाखवणं हे त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळे रोज कानावर पडणारे त्याचे बारीकसारीक आवाज हेच घरच्यांच्या हातातलं खरं साधन. आपला ससा एरवी कसा घोरतो, कसे दात कुरकुरवतो हे ज्यांना पाठ असतं, त्यांना बिघडलेला सूर पहिल्याच रात्री कळतो.